नाट्यशिक्षणाची वाट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

महाविद्यालयीन प्रवेशांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नाट्यशिक्षणाविषयीची पत्रे वाढतात. या अंकात अन्य विषय बाजूला ठेवून विद्यापीठीय नाट्यशिक्षणासंबंधीचेच निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. शाळेपासून नाटकांत काम करते आणि यंदा एका एकांकिका स्पर्धेत मला अभिनयाचे पारितोषिकही मिळाले. नाट्यशास्त्राची पदवी घ्यावी असे मनात आहे. परंतु घरचे म्हणतात की मराठीतील मोठमोठे नट डॉक्टर, अभियंते, बँक कर्मचारी होते, त्यांच्यापैकी कोणी अभिनयाची पदवी घेतली होती? मला यावर उत्तर देता येत नाही. *(विद्यार्थिनी, बीड)*

उत्तर : तुमच्या घरच्यांचे निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते आणि १९६९ मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. सतीश आळेकर यांचे शिक्षण जीवरसायनशास्त्रातले, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात नोकरी करत त्यांनी नाटके लिहिली. पण म्हणून ही माणसे नाटक शिकलीच नव्हती असे म्हणता येणार नाही. लागूंच्या मागे भालबा केळकर यांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमधील वर्षानुवर्षांच्या तालमी उभ्या होत्या. विजया मेहता मुंबईत इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्या हाताखाली शिकल्या, आणि अल्काझी स्वतः लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये शिकून आलेले होते. या मंडळींकडे पदवी नव्हती, पण शिक्षण भरपूर होते. ते नाट्यसंस्थांच्या संध्याकाळच्या तालमींत, एकाच गटात आठ-दहा वर्षे टिकून राहिल्याने आणि एकमेकांच्या चुका जवळून पाहिल्याने मिळत असे. आज असा गट पुण्या-मुंबईतही सहज सापडत नाही, मग बीडमध्ये तो कुठून सापडावा? ज्याला तो गट घरबसल्या मिळाला आहे त्याला विद्यापीठाची गरज थोडी कमी आहे, एवढे मी मान्य करीन. आणि तुमच्या घरच्यांना हेही सांगा की तेच आळेकर पुढे १९९६ ते २००९ या काळात पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते. पदवीशिवाय मोठ्या झालेल्या नाटककारालाही नाटकाचा वर्ग चालवावासा वाटला, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

पारितोषिकाविषयी थोडे सावधपणे लिहितो. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी १९६३ पासून मराठी रंगभूमीला नटांच्या पिढ्या पुरवल्या, हे ऋण मोठे आहे. तरीही तासाभराच्या आत परीक्षकांच्या नजरेत भरण्याची जी सवय स्पर्धेतून लागते, ती दोन-अडीच तासांच्या नाटकात अडचणीची ठरते. पहिल्या प्रवेशातच सगळा आवाज आणि सगळे रडणे खर्च करून टाकणारी मुले प्रवेश परीक्षेला दरवर्षी दिसतात. विद्यापीठात तुम्हाला न शोभणाऱ्या भूमिका वाट्याला येतात: अठराव्या वर्षी सत्तरीची आजी, विनोदी चेहऱ्याला राजा, आणि पुष्कळदा संवाद नसलेली भूमिका. बाहेर अशी भूमिका तुम्हाला कोणी देणार नाही, कारण तिथे तिकीट विकायचे असते. वाईट काम करून पाहण्याची आणि दुसऱ्या दिवशी त्यावर शांतपणे बोलण्याची ही मुभा, माझ्या मते, फी भरून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

तुमच्या दृष्टीने जवळचा पर्याय म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेल्या कमलाकर सोनटक्के यांच्यासारख्या दिग्दर्शकाने घडवलेला हा विभाग आहे. पुण्याचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. तिथे नाटकाबरोबर संगीत आणि नृत्याचेही विद्यार्थी एकाच आवारात शिकत असल्याने नटाला गाण्याचा कान आणि पायांतली लय आयती मिळू शकते, अर्थात त्याने शेजारच्या वर्गात डोकावण्याचे कष्ट घेतले तर. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि तिचा भर पदव्युत्तर शिक्षणावर आहे. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ चे. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदविकेचा असून प्रवेशासाठी आधी कोणत्या तरी शाखेची पदवी आणि रंगमंचावरील कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे बारावीनंतर लगेच तो मार्ग खुला नाही. विज्ञानाची पदवी पूर्ण करून मग पदव्युत्तर नाट्यशिक्षणाकडे वळणे हाही मार्ग आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त ती तीन वर्षे नाटकाशिवाय काढू नका.

प्रश्न : मी एका विद्यापीठात नाट्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रवेश घेताना अभिनय शिकायला मिळेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निम्मा वेळ नेपथ्याच्या चौकटींना खिळे ठोकण्यात, दिव्यांच्या तारा ओढण्यात आणि रंगभूमीच्या इतिहासाची टिपणे लिहिण्यात जातो. मला नट व्हायचे आहे, सुतार नव्हे. हा वेळेचा अपव्यय नाही का? *(विद्यार्थी, पुणे)*

उत्तर : तुमच्या प्रश्नातील चीड मला समजते, पण तुमच्याशी मी सहमत नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य आणि सात्त्विक (मनोभावांचा). यांतला आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि रंगमंचावरील वस्तू. ज्याला तुम्ही अभिनयाबाहेरचे काम समजता, ते त्या ग्रंथाने अभिनयातच मोजले आहे, आणि ही पोथीतली वर्गवारी तालमीच्या जागेत रोज पडताळून पाहता येते. नऊवारी नेसून उंबरा ओलांडणारी स्त्री आणि सलवार-कमीजमध्ये तालीम करून रंगीत तालमीच्या दिवशी प्रथमच नऊवारी नेसलेली नटी यांच्या पावलांत फरक पडतो, आणि तो प्रेक्षकाला शेवटच्या रांगेतूनही दिसतो. दार आत उघडते की बाहेर, यावर तुमच्या प्रवेशाचा सारा डौल अवलंबून असतो; ते दार एकदा स्वतः बसवले की ही बाब कोणी सांगावी लागत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. ज्याने एका प्रयोगात प्रकाशयोजनेच्या नियंत्रण-फलकापाशी बसून दुसऱ्यांच्या संवादांवर नजर ठेवली आहे, तो पुढे कधीही ठरलेली जागा सोडून अंधारात जाऊन उभा राहत नाही आणि संकेताचे वाक्य गाळत नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांचे नृत्यदिग्दर्शन अशी त्यामागची नावे आहेत. त्या नाटकात ब्राह्मणांची एक रांग उभी राहते. ती कधी भिंत होते, कधी पडदा होते, तर कधी गाणारा समूह. त्या रांगेतल्या नटाला स्वतःचे असे संवाद फारसे नाहीत, पण तो लयीत अर्धी मात्रा मागे पडला तर भिंतीला भगदाड पडते. त्याला एकाच वेळी गायक, नर्तक आणि नेपथ्य व्हावे लागते. आता सांगा, अशा नाटकात ‘मला फक्त अभिनय शिकवा’ म्हणणाऱ्या नटाचे काय करायचे? आणि रांगेतली जागा नको, मधलीच हवी, असे म्हणत असाल, तर मधल्या नटालाही आपल्यामागची भिंत कशी हलते हे ठाऊक असावे लागते.

इतिहासाबाबत तुमची तक्रार मी अर्धी मान्य करतो. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, एवढे पाठ करून परीक्षेत उतरवणे निरर्थक आहे, आणि अनेक ठिकाणी इतिहासाचा तास असाच घेतला जातो हे दुर्दैवाने खरे आहे. पण त्याच काळातील नाटकाचे एक पान मोठ्याने वाचून पाहा. चार-चार ओळींचे वाक्य, त्यात दोन उपवाक्ये, आणि शेवटी येणारे क्रियापद. तिथपर्यंत श्वास पुरवायचा कसा, मधे कुठे चोरून घ्यायचा, अर्थ सांडू न देता आवाज कुठे उतरवायचा, हे प्रश्न तुमच्या छातीला पडतील. मालिकेतील तुटक वाक्यांवर वाढलेल्या आजच्या नटाला श्वासाचा यापेक्षा चांगला व्यायाम मला सुचत नाही. टिपणे लिहायला लावणाऱ्या शिक्षकांना तुम्ही विनंती करू शकता की एक तास वाचिकाच्या वर्गाशी जोडून घ्या. बहुतेक शिक्षकांना अशी मागणी करणारा विद्यार्थी भेटल्याचा आनंदच होतो.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातील आहे. झाडीपट्टीच्या नाटकांत तीन हंगाम लहान भूमिका केल्या. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला गेल्यास माझ्या बोलण्यातील ‘न’ आणि ‘ण’ ऐकूनच मला बाद करतील, अशी भीती वाटते. *(युवक, देवरी)*

उत्तर : भातकापणीनंतर सुरू होणारा हंगाम, वडसा गावातून ठरणाऱ्या तारखा, मंडईच्या निमित्ताने गावोगाव उभे राहणारे मंडप आणि रात्रभर चालणारे प्रयोग: भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतली ही रंगभूमी सरकारी अनुदानाची वाट न पाहता प्रेक्षकांच्या तिकिटावर चालते. पहाटेपर्यंत जागणाऱ्या शेकडो माणसांसमोर तीन हंगाम उभा राहिलेला उमेदवार हा शहरातील पुष्कळशा उमेदवारांपेक्षा अनुभवाने थोरला असतो. प्रवेश परीक्षेच्या अर्जात आणि मुलाखतीत ही गोष्ट संकोच न करता सांगा. कोणत्या प्रकारच्या भूमिका केल्या, प्रेक्षक कुठे हसला, कुठे उठून गेला, हे तपशिलाने सांगता आले तर परीक्षक कान देऊन ऐकतात.

उच्चारांविषयी मात्र तुमचे समाधान करण्यासाठी खोटे लिहिणार नाही. प्रमाण मराठीतील भूमिका करायची असेल तर ‘ण’ आणि ‘ळ’ जिभेवर यावेच लागतील, जसे शहरी नटाला तुमच्या भागातील माणूस साकारायचा तर तुमचा हेल शिकावा लागेल. हे काही महिन्यांच्या नियमित वाचनाने साध्य होते. रोज अर्धा तास मोठ्याने वाचावे आणि आठवड्यातून एकदा आपलेच वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. परीक्षेसाठी दोन उतारे तयार ठेवा, एक प्रमाण मराठीतला आणि एक आपल्या बोलीतला, आणि दुसरा उतारा म्हणताना आवाज लहान करू नका. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग ज्यांनी देशविदेशात केला आणि त्यात ५२ पात्रे मराठवाड्याच्या बोलीसह एकट्याने उभी केली, ते प्रा. लक्ष्मण देशपांडे मराठवाडा विद्यापीठातच नाट्यशास्त्र शिकवत होते. बोलीमुळे विद्यापीठाचे दार बंद होते असे मानणाऱ्यांना हे नाव आठवून द्यावे.

प्रश्न : माझ्या मुलाने नाट्यशास्त्राला प्रवेश घेण्याचा हट्ट धरला आहे. आम्ही मध्यमवर्गीय आहोत. पुढे त्याचे पोट भरेल का, एवढेच स्पष्ट सांगावे. *(एक आई, नाशिक)*

उत्तर : केवळ रंगमंचावरील अभिनयावर भरेल, असे मी सांगणार नाही. व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगामागे मानधन मिळते, त्यालाच ‘नाइट’ म्हणतात, आणि प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी होतात. नाटक बंद पडले की मानधनही थांबते. प्रायोगिक नाटकात तर अनेकदा प्रवासखर्चही खिशातून जातो. मालिका आणि चित्रपटांत पैसा अधिक आहे, परंतु त्यासाठी पदवी कोणी विचारत नाही आणि काम मिळेल याची हमी कोणी देत नाही. मुलगा केवळ पडद्यावर दिसण्यासाठी हट्ट करत असेल तर तीन वर्षे तालमीत घालवून त्याचा विरसच होईल, म्हणून त्याचा हेतू आत्ताच विचारून घ्या.

नाटक करण्यातच ज्याला रस आहे, त्याच्यासाठी चित्र इतके अंधारे नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्यनिर्मिती, रंगमंच व्यवस्थापन या कामांत हाताला सफाई असलेली माणसे कमी आहेत आणि त्यांना नाटकाबाहेरही, संगीताच्या मैफलींपासून संस्थांच्या समारंभांपर्यंत, मागणी असते. शाळांतील नाट्यवर्ग, बालनाट्य शिबिरे, ध्वनिपुस्तकांचे वाचन आणि डबिंग यांतून बरेच तरुण आपला महिना भागवतात. पदव्युत्तर पदवीनंतर नेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात अध्यापनाची पात्रता मिळते. त्या परीक्षेत नाटक आणि नृत्य यांचा मिळून एक विषय आहे. शिवाय मान्यताप्राप्त विद्यापीठाची नाट्यशास्त्रातील पदवी ही अन्य पदव्यांसारखीच पदवी असल्याने, ज्या स्पर्धा परीक्षांना कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो तिथे आपला मुलगाही बसू शकतो. खासगी अभिनय वर्गांच्या प्रमाणपत्रांना हा दर्जा नसतो. अशा वर्गांची फी सरकारी विद्यापीठापेक्षा अनेक पटींनी अधिक असते, आणि पुष्कळ पालक झगमगीत जाहिरात पाहून नेमकी तिथेच फसतात. खर्चाची काळजी असेल तर विद्यापीठाच्या वसतिगृहाची आणि ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी.

प्रश्न : वय ४१, बँकेत नोकरी. आता नाट्यशास्त्र शिकता येईल का? *(वाचक, सातारा)*

उत्तर : राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला वयोमर्यादा आहे, त्यामुळे ते सोडून द्यावे. विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पूर्ण दिवसाची उपस्थिती लागते, म्हणजे नोकरी सोडावी लागेल, आणि तसे करण्याचा सल्ला मी देणार नाही. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा साताऱ्यातील एखादा संघ गाठा आणि पहिल्या वर्षी अभिनयाऐवजी पडद्यामागचे काम मागा. ते लगेच मिळते आणि नाटक आतून दिसू लागते.

प्रश्न : मी नाट्यशिक्षण घेणारी विद्यार्थिनी आहे. आमच्या एका वर्गात ‘संकोच मोडण्याच्या’ नावाखाली जोडीने स्पर्शाचे व्यायाम करून घेतले जातात. मी नकार दिला तेव्हा, ‘असे असेल तर नटी कशी होणार?’ असे सर्वांसमोर ऐकवण्यात आले. माझी भूमिका चुकीची आहे का? *(विद्यार्थिनी, गाव न छापण्याची विनंती)*

उत्तर : नाही, आपली भूमिका योग्य आहे. नटाला देहाचा संकोच सोडावा लागतो हे खरे, पण तो सोडण्याचा वेग त्याचा स्वतःचा असतो, आणि शिक्षकाने घाई केली तर नट आखडतो, असाच सर्वांचा अनुभव आहे. जबाबदार दिग्दर्शक रंगमंचावरील मारामारी जशी हालचाल-हालचाल ठरवून बसवतो, तसाच जवळिकीचा प्रवेशही बसवतो: कोणाचा हात कुठे, किती आकडे मोजेपर्यंत, आणि कोणत्या शब्दावर तो मागे घ्यायचा. दोघांची संमती आधी घेतली जाते, आणि ठरल्यापलीकडे कोणी गेले तर तालीम थांबते. ‘उत्स्फूर्तता’ या नावाखाली ठरवून न घेतलेला स्पर्श हा शिकवण्याचा भाग होऊ शकत नाही.

आपण प्रथम शिक्षकांना लेखी कळवा की हा व्यायाम आपण स्पर्शाविना करू इच्छिता. प्रतिसाद मिळाला नाही किंवा पुन्हा टोमणे ऐकावे लागले, तर अंतर्गत तक्रार समितीकडे जा. २०१३ च्या कायद्यानुसार आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यापीठात अशी समिती असणे बंधनकारक आहे आणि विद्यार्थिनींनाही तिथे तक्रार करता येते. तारीख, उपस्थितांची नावे आणि उच्चारलेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा. वर्गातील इतर मुलींशीही बोला, कारण अशा बाबतीत एकटीच अस्वस्थ असलेली विद्यार्थिनी क्वचितच आढळते.

प्रश्न : अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही सात जण लिखित संहितेशिवाय, तालमीतून नाटक घडवत आहोत. विषय आहे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे. दोन महिने झाले, प्रसंग भरपूर जमले आहेत, पण नाटक होत नाही. शिवाय लेखक म्हणून कोणाचे नाव द्यायचे यावरून वाद सुरू झाला आहे. *(विद्यार्थी गट, कोल्हापूर)*

उत्तर : समूहाने नाटक घडवणाऱ्या बहुतेक गटांची गाडी इथेच अडते. प्रसंग रचणे नटांना आवडते, गाळणे आवडत नाही. आता तालीम आठवडाभर थांबवा आणि एकाच प्रश्नाचे उत्तर सर्वांनी वेगवेगळे लिहून काढा: नाटकाच्या आरंभी या कुटुंबाला काय हवे आहे आणि अखेरीस त्याचे काय होते? सात उत्तरे समोर ठेवल्यावर त्यांतले एक निवडा आणि जे प्रसंग त्या उत्तराला धरून नाहीत ते, कितीही रंगले असले तरी, वगळा. हे काम मतदानाने करू नका. मतदानात प्रत्येक जण स्वतःचा आवडता प्रसंग वाचवतो. सातांतील एकाला बाहेर बसवून त्याला निर्णयाचा अधिकार द्या. तो या प्रयोगात काम करणार नाही, ही अट असावी.

दुसरी बाब विषयाची. उचल, कोयता, मुकादम आणि फडावरच्या खोपी यांची माहिती वर्तमानपत्रांतून घेऊन प्रसंग रचले असतील तर ते करुण होतील, पण खरे होणार नाहीत. तुमच्याच जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि हंगामात तोडणी कामगारांचे तळ पडतात. तिथे जा, तिथल्या माणसांशी बोला, पण त्यांचे शब्द वापरायचे असतील तर त्यांना तसे सांगून परवानगी घ्या आणि प्रयोगाला बोलवा. त्यांच्या दिवसात रडण्याइतकाच हिशोब आणि थट्टाही असते; तुमच्या प्रसंगांत ती आली आहे का, हे तपासून पाहावे.

नावाच्या वादावर व्यवहारी उपाय असा की श्रेयनामावलीत ‘संहिता : समूह’ असे लिहून खाली सातही नावे वर्णानुक्रमे द्यावीत आणि ज्याने अंतिम मसुदा लिहून काढला त्याचे नाव ‘शब्दांकन’ या शीर्षकाखाली वेगळे द्यावे. मसुदा तर लिहावाच लागेल. विद्यापीठाबाहेर जाहीर प्रयोग करायचा झाला तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता सादर करून प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि ‘आमचे नाटक तालमीत तयार होते’ हे उत्तर त्या खिडकीवर चालत नाही. बहुतेक स्पर्धांच्या प्रवेशअर्जालाही संहितेची प्रत जोडावी लागते. तेव्हा शब्दांकनाचे काम कोणाकडे द्यायचे हे याच आठवड्यात ठरवा, आणि त्याला प्रत्येक तालमीचे ध्वनिमुद्रण मिळेल अशी सोय करा.